फडावरचा गळा आणि संगीत नाटकाची शाळा

पिके घरात आली की बुलढाणा जिल्ह्यातल्या गावागावांत अखंड हरिनाम सप्ताहाच्या पत्रिका फिरू लागतात. कीर्तनकार महाराजांच्या नावांखाली गायनाचार्य आणि मृदंगाचार्यांची नावे मानाने छापलेली असतात. तालुक्याच्या गावी गायन कार्यशाळेचे फलक लागतात, त्यांवरचा मजकूर वेगळा: श्वसनाचे व्यायाम, ओंकार, माइकचे तंत्र, कराओके, सहभागाचे प्रमाणपत्र. दोन्हीकडे गळाच घडवला जातो, पण फलक लावणारे आणि पत्रिका छापणारे एकमेकांच्या दारात जात नाहीत. जिल्ह्यात संगीत नाटक का उभे राहत नाही, याचे उत्तर शोधताना सभागृह, पैसा, प्रेक्षक अशी कारणे पुढे केली जातात. ती खरी असली, तरी मूळ दुखणे या दुराव्यात आहे.

संगीत नाटकाचा जन्म आठवला म्हणजे हा दुरावा जास्तच खटकतो. 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. त्यात दोनशेच्या वर पदे होती आणि साक्या, दिंड्या अशा त्यांतल्या कितीतरी चाली कीर्तनातून, आख्यानातून लोकांच्या कानांवर आधीच बसलेल्या होत्या. रागदारीचा भरणा पुढे झाला. 1911 च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी आणि 1916 च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा नाट्यपद मैफलीच्या शेजारी जाऊन बसले. पाया मात्र कीर्तनकाराच्या उभ्या गाण्याचाच होता.

त्या पायात वऱ्हाडचाही वाटा आहे. 1905 साली मुंबईत पहिले नाट्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. अमरावतीच्याच वीर वामनराव जोशींचे ‘रणदुंदुभी’ 1927 मध्ये आले आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्याने गाजले. वसंतराव देशपांडे 1920 साली जन्मले ते मूर्तिजापूरला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ज्या लोहमार्गावर आहेत त्याच मार्गावरचे हे गाव. 1967 च्या ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये त्यांनी खाँसाहेब उभा केला. ते नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. तेव्हा संगीत नाटक म्हणजे पुण्या-मुंबईची मिरास, आपण ती फक्त ऐकायची, ही समजूत या भागाने आता सोडून द्यावी.

बुलढाणा जिल्ह्याचे स्वतःचे दान निराळ्याच वाटेने गेले. सिंदखेडराजाला जन्मलेले आणि मेहकरला वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींनी गायली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि भावगीताच्या इतिहासाचे पहिले पान तिच्यापासून मोजले जाऊ लागले. मराठी गळ्यात तेव्हा मोठा बदल घडत होता. नाटकाच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकणारा नट एकीकडे, मायक्रोफोनजवळ हळुवार बोलल्यासारखा गाणारा भावगीत गायक दुसरीकडे. आजचे बहुतेक गायनवर्ग नकळत या दुसऱ्या परंपरेचे वारस आहेत. सुगम गाण्यासाठी ते योग्यच आहे. मात्र तोच गळा घेऊन ‘सौभद्र’सारखे संगीत नाटक उभे करायला गेले की पहिल्या अंकातच दम सरतो.

वर्गांचा दुसरा खांब परीक्षांचा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांनी लहान गावांत शास्त्रीय संगीत टिकवून धरले. आडगावी पेटी-तबला घेऊन वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षकांचे हे ऋण मोठे आहे. पण परीक्षेतले गाणे बसून, डोळे मिटून, तानपुऱ्याच्या सोबतीने होते. रंगमंचावर संवाद बोलता बोलता सूर धरावा लागतो. समोरच्या पात्राकडे बघत, चार पावले चालत, हातातली वस्तू सांभाळत पद म्हणावे लागते आणि पद संपल्यावर त्याच श्वासात पुन्हा गद्यात उतरावे लागते. विशारद झालेली मुलगी इथे अडखळते, यात तिचा दोष नाही. तिला उभे राहून गायला कुणी शिकवलेलेच नसते.

हे सगळे ज्याला येते तो माणूस मात्र गावातच असतो. वारकरी कीर्तन नीट निरखून पाहावे. महाराज दोन तास उभे असतात. निरूपणाच्या गद्यातून अभंगाच्या चरणावर येताना ते सुराची वाट पाहत थांबत नाहीत, बोलण्यातच पट्टी पकडतात. चाल वर चढते, टाळकरी चरण उचलतात, पखवाज घुमू लागतो आणि तेवढ्या आवर्तनांत महाराज उपरण्याने घाम पुसून पुढच्या दृष्टांतासाठी श्वास भरून घेतात. श्वास कुठे घ्यायचा, हे इथे पाठ केलेले नसते. समूहाच्या गाण्यात त्याची जागाच केलेली असते. आळंदीला जोग महाराजांच्या वारकरी शिक्षण संस्थेत 1917 पासून असे गळे घडत आहेत. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची दिंडी पंढरीची वाट तुडवते, तेव्हा चालता चालता गाण्याचा याहून खडतर रियाज शोधूनही सापडणार नाही. शेजारच्या अकोल्याच्या सत्यपाल महाराजांची सप्तखंजेरी, गावोगावचे भीमगीतांचे गायक, शाहीर, भारूड करणारे हेही सगळे उभ्याने गाणारेच लोक.

उणिवाही आहेतच. कीर्तनाच्या फडावर बेसुमार आवाज लावून पंचविशीतच घसा बसलेले गायक कमी नाहीत. ध्वनिक्षेपकाच्या भिंती उभ्या राहिल्यापासून तर ओरडण्यालाच जोर समजले जाते. आवाजाची शास्त्रीय जोपासना इथे कामी येईल. प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत हा विषय मराठी गायकांपुढे आणला आणि डॉ. अशोक रानड्यांनी तो गायकांइतकाच नटांपर्यंत नेला. खर्जाचा रियाज, घशावर ताण न देता आवाज वर नेणे, गाण्यापूर्वी गळा तापवणे हे कीर्तनकाराला शिकवावे आणि वर्गातल्या मुलांनी त्याच्याकडून उभे राहणे शिकावे, असा हा सौदा दोघांच्याही फायद्याचा आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेत तो जमत नाही. पहिला दिवस ओळखीत आणि ओंकारात जातो, दुसरा एका नाट्यपदात आणि छायाचित्रात.

उच्चारांची बाबही इथे जिव्हाळ्याची. वऱ्हाडी तोंडात ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. कार्यशाळांत तो पहिल्या तासाला झटकून टाकायला सांगतात. ‘शाकुंतल’ करायचे तर ते ठीक. पण वऱ्हाडीतच संगीत नाटक लिहिले गेले, तर हाच उच्चार त्याचा प्राण ठरेल. आजवर वऱ्हाडीच्या वाट्याला रंगमंचावर बहुतेक हशाच आला. तिच्यातून करुण पद उभे राहू शकते, हे अजून पुरेसे आजमावलेले नाही.

शक्यता किती जवळ आहे, हे प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने दाखवून दिले. 2017 मध्ये आलेल्या या नाटकात पात्रे दोनच, तुकोबांची पत्नी आवली आणि लखुबाईच्या रूपातली रखुमाई. दोघी अभिनेत्री रंगमंचावर प्रत्यक्ष गातात. झगमगाट नाही, अभंगाचे वातावरण आणि दोन बायकांचे बोलणे. हा मजकूर सप्ताह ऐकत वाढलेल्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही. रत्नागिरीच्या खल्वायनसारख्या संस्था नेमाने संगीत नाटके बसवतात, गोव्यात कला अकादमीच्या स्पर्धेसाठी गावेच्या गावे तालमीला लागतात. त्या ठिकाणी गाणारा नट मिळतो, कारण देवळातले गाणे आणि नाटकातले गाणे यांच्यात तिथे भिंत नाही.

बुलढाण्यात सुरुवात करायची, तर गर्दे वाचनालयासारखे जुने सभागृह आहे, खामगाव-शेगावला जाणकार श्रोते आहेत. हवा आहे तो दर पंधरवड्याला येणारा एक शिक्षक, त्याच्याबरोबर पेटीवाला आणि पखवाजी दोघेही, आणि गायनवर्गातल्या मुलींच्या शेजारी उभे केलेले चार-दोन तरुण टाळकरी. राज्य नाट्य स्पर्धांचे पडघम दिवाळीनंतर वाजतात, त्यामुळे डिसेंबरातल्या कार्यशाळेचा उपयोग नाही. पेरण्या उरकून आषाढीची वारी परतल्यावर, सोयाबीन काढणीला येण्याआधीचे दोन-अडीच महिने या भागात हाताशी असतात. तालीम तेव्हाच लावायला हवी.