शिळे, उष्टे आणि गोड

दिवाळी-नाताळाच्या सुमारास पाककृतींच्या सदरांना बहर येतो. अलीकडे या सदरांत 'ट्रायफल' हा विलायती पदार्थ देशी वेषात हमखास भेटतो. गुलाबजामचे ट्रायफल, रसमलाईचे ट्रायफल. कृतीच्या आधी बालपणाचा एक परिच्छेद असतो. त्यात आजी, पितळी डबा, साजूक तुपाचा वास आणि 'आमच्या लहानपणी' हे शब्द असतात. असल्या लिखाणाला समीक्षेच्या कक्षेबाहेर ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती मान्य नाही. कवितेपेक्षा पाककृती अधिक घरांत जाते आणि 'आपले' बालपण कसे होते हे ती ठामपणे सांगून जाते. हे 'आपले' म्हणजे कोणाचे, हा प्रश्न विचारणे समीक्षेचे काम आहे.

प्रथम ट्रायफलचेच पाहू. या इंग्रजी शब्दाचा अर्थच क्षुल्लक वस्तू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात ट्रायफल म्हणजे साखर, आले आणि गुलाबपाणी घातलेली दाट साय होती. पुढे अठराव्या शतकात मद्यात भिजवलेली बिस्किटे आणि त्यांवर कस्टर्ड असे थर आले. १८३७ साली आल्फ्रेड बर्डने अंड्याविना कस्टर्डची पूड काढली आणि पुढे कस्टर्ड सामान्य घरात पोचले. शिळा झालेला केक टाकून न देता तो गोड रसात भिजवायचा, वर कस्टर्ड ओतायचे, आणि सणाच्या दिवशी काचेच्या भांड्यात मिरवायचे. म्हणजे या पदार्थाच्या तळाशी काटकसर आहे. गृहिणीचे ते कौतुकच झाले.

आता दुसरी एक कृती पाहा. ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथनात ती आहे. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सवर्णांच्या लग्नात पंगती उठल्यावर उष्ट्या पत्रावळी टोपलीत गोळा करायच्या, त्यांतल्या पुऱ्यांचे तुकडे उन्हात वाळवायचे आणि पावसाळ्याच्या उपाशी दिवसांत ते पाण्यात शिजवायचे. कधी त्यात गूळ पडे आणि मग ती लापशी घरातले सगळे चवीने खात. तंत्र तेच! वाळलेला पिठाचा पदार्थ, गोड पाणी, भिजवणे. मग एकीला मेजवानी आणि दुसरीला जूठन का म्हणायचे?

उत्तर दोन मराठी शब्दांत आहे, शिळे आणि उष्टे. शिळे अन्न आपले स्वतःचे असते. काल उरले, आज खाल्ले. उष्टे अन्न दुसऱ्याच्या तोंडचे असते आणि ते कोणी खायचे हे जन्माने ठरलेले असते. शिळ्याचा संबंध वेळेशी आहे, उष्ट्याचा जातीशी. पाककृतीच्या पुस्तकांत 'उरलेल्या पोळ्यांचे काय करावे' असे सल्ले असतात. उरलेली पोळी गावकुसाबाहेर जाऊन कोणाच्या पोटात पडते, याला तिथे जागा नाही.

कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली. वाटी आणि चमचा ही घरगुती मापे वापरून तिने हजारो नवख्या मुलींना स्वयंपाक शिकवला. तिचे हे श्रेय मी नाकारत नाही. पण वाटीच्या मापाला आधी फडताळात तूप, साखर आणि रवा लागतो. आमच्या वस्तीतली मापे वेगळी होती. मूठ, चिमूट, ओंजळ आणि 'दुकानदार देईल तेवढे'. माझ्या आईचा गोड पदार्थ म्हणजे जोंधळ्याची शिळी भाकर कुस्करून गुळाच्या पाण्यात भिजवलेली. गहू सणालाच दिसे. त्या दिवशी चपाती चुरून मलिदा होई. आणि गावातल्या मोठ्या वाड्यात लग्न झाले की टोपलीतून बुंदी येई. ती आम्हां पोरांना अतिशय आवडे. हे मी मुद्दाम लिहितो. पोराच्या जिभेला बुंदी उष्टी लागत नाही, गोड लागते. अपमान नंतर कळतो आणि कळला की त्या गोडीसकट कळतो.

हा पेच आपल्या आत्मकथनांनी जितक्या प्रामाणिकपणे मांडला तितका कोणी मांडला नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेची सहल आहे. सवर्ण मुलांनी उरलेले अन्न दलित पोरांना दिले. घरी आल्यावर आई विचारते, माझ्यासाठी का आणले नाही? आणि दुसरीकडे गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. तो निबंध कसा लिहायचा? माझ्या मते मराठीतल्या साऱ्या गोड आठवणींवरची ही सर्वात कठोर टीका आहे. 'माझा आवडता गोड पदार्थ' हा विषय फळ्यावर लिहिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने ती वाचावी.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. अन्नाचा प्रश्न त्यांनी चवीचा ठेवला नाही, स्वाभिमानाचा केला. 'जूठन'मधली आई अपमान झाल्यावर भरली टोपली तिथेच उपडी करते, तोही याच जातीचा नकार आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या सणांचे ताटही बदलले. सुजाताने सिद्धार्थाला दिलेली खीर वैशाख पौर्णिमेला घरोघर शिजू लागली. सणाची पाककृती बदलणे म्हणतात ते हे. काचेच्या भांड्यात गुलाबजाम रचल्याने चव बदलत असेल. आमच्या खिरीने देणारा आणि घेणारा यांचे नातेच बदलले. ती कोणाच्या दारातून आलेली नाही.

मग जुन्या चवींचे काय करायचे? काही कार्यकर्ते म्हणतात, विसरा. ती गुलामीची चव आहे. मला हे पटत नाही. उष्टे टाकायचे आहे, उष्ट्याचा इतिहास टाकायचा नाही. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर 'इज्न्ट धिस प्लेट इंडियन?' ही पुस्तिका केली. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न कृतींसह मांडते. शीर्षकातल्या एका 'अ'ने त्यांनी पंगतीतल्या श्लोकाला उलटा प्रश्न केला आहे. ही पुस्तके 'रुचिरा'च्या शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

पुढचा धोकाही दिसतो आहे. उद्या आमच्या गुळपाण्यातल्या भाकरीचेही ट्रायफल होईल, 'गावरान' म्हणून हॉटेलात विकले जाईल आणि त्यातली भूक गाळली जाईल. म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्या आज्यांकडे जावे, कृती लिहून घ्याव्यात, पण नुसत्या कृती नव्हे. गूळ कुठून आणला, त्यासाठी काय काम केले, पीठ कोणी दिले आणि देताना किती लांबून टाकले, हेही साहित्याच्या यादीत लिहावे. तोवर मराठी पाकशास्त्र अर्ध्या गावाचेच राहील.