गेम जॅम आणि पूर्णत्वाचा प्रश्न : हौशी संगणकीय खेळांचा समीक्षात्मक विचार

प्रास्ताविक

मराठीत ‘आरंभशूर’ हा शब्द उपहासानेच वापरला जातो. हौसेखातर संगणकीय खेळ रचणाऱ्यांच्या बाबतीत मात्र आरंभशूरता हा अपवाद नसून जवळजवळ रीतच आहे. कथानक सुचते, नायकाचे चित्र काढले जाते, पहिला टप्पा पडद्यावर हलू लागतो. मग शस्त्रे, नकाशे, उपकथानके यांची यादी वाढत जाते आणि एके दिवशी ते सारे काम संगणकाच्या एका कोपऱ्यात पडून राहते. पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मार्गदर्शन करणाऱ्या अध्यापकांना हे चित्र अपरिचित नाही.

या दुखण्यावर खेळ रचणाऱ्यांनीच शोधलेला उपाय म्हणजे ‘गेम जॅम’. दिलेल्या विषयावर, ठरलेल्या मुदतीत एक लहान खेळ तयार करून तो इतरांपुढे खेळण्यासाठी ठेवणे, असे या उपक्रमाचे स्वरूप असते. गेम जॅमचे महत्त्व त्याच्या वेगात आहे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा असून गेम जॅमचे खरे सामर्थ्य ‘वगळण्याच्या’ शिस्तीत आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्या अनुषंगाने वरोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयांसाठी या प्रकाराची उपयुक्तता आणि मर्यादाही तपासल्या आहेत.

पार्श्वभूमी

२००२ मध्ये कॅलिफोर्नियात ‘इंडी गेम जॅम’ भरला आणि त्याच वर्षी इंटरनेटवरून ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा सुरू झाली. लुडम डेअरच्या मूळ स्पर्धेत एकट्याने, अठ्ठेचाळीस तासांत खेळ पूर्ण करावा लागे. २००९ च्या जानेवारीअखेरीस ‘ग्लोबल गेम जॅम’चा पहिला उपक्रम २३ देशांतील ५३ ठिकाणी एकाच वेळी पार पडला. त्यानंतर हा प्रकार विद्यापीठे, ग्रंथालये आणि हौशी मंडळांपर्यंत पोहोचला.

विषय आधी गुप्त असतो आणि तो जाहीर होताच घड्याळ सुरू होते. या रचनेत आपल्याला अगदीच परके असे काही नाही. समस्यापूर्तीत कवीला श्लोकाचा शेवटचा चरण दिला जाई आणि उरलेले चरण त्याने तेथेच रचावयाचे असत. दिलेला चरण हे बंधन असले, तरी तोच कवीचा आधारही असे. कारण अगणित शक्यतांपैकी बहुतेक त्याने आधीच बाद केलेल्या असत. २०१३ च्या ग्लोबल गेम जॅममध्ये विषय म्हणून शब्दाऐवजी हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवण्यात आला होता. त्यातून ‘सर्जन सिम्युलेटर’ हा खेळ जन्मला. त्यात खेळाडूला एका बेशिस्त, अवघडलेल्या हाताने हृदयरोपणाची शस्त्रक्रिया करावी लागते. ही शुद्ध समस्यापूर्तीच होय.

दोन कृतींचे विवेचन

‘सेलेस्ट’ हा खेळ २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील नायिकेच्या मानसिक संघर्षामुळे विशेष गाजला. त्याचे मूळ रूप मात्र मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत, ‘पिको-८’ या मुद्दाम तोकड्या ठेवलेल्या साधनावर तयार केले होते. तेथे पडद्याचा आकार १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा आणि रंग अवघे सोळा. खेळाडूला उडी मारता येते, भिंतीला पाय लावून उसळता येते आणि हवेत एकदा झेप घेता येते. झेप शिल्लक असताना पात्राचे केस लाल असतात, ती वापरली की निळे होतात. वेगळा आकडा नाही, सूचना नाही. केसांचा रंगच अर्थ वाहतो.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घडणीचा विचार मांडला. ही तत्त्वे या छोट्या खेळाला लावून पाहता येतात. प्रत्येक पडदा आधीच्या पडद्याशी संवाद साधतो, कारण क्रिया त्याच असतात. अडथळ्यांची नवी मांडणी विरोध निर्माण करते. शिखर गाठेपर्यंत या दोहोंचा तोल ढळत नाही. हे चार दिवसांत साधले, कारण चार दिवसांत याहून अधिक काही करणे शक्यच नव्हते. पुढे दीर्घ आवृत्तीत कथा आली, पात्रे आली. पण कणा तोच राहिला. लहान कृती आधी पूर्ण झाली होती, म्हणूनच मोठी कृती उभी राहू शकली.

दुसरे उदाहरण फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’चे. २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये ‘नॉट देअर’, म्हणजे ‘तिथे नाही’, या विषयावर त्याचा आराखडा तयार झाला आणि पूर्ण खेळ २०१९ मध्ये आला. यात खेळाचे नियम मैदानावरच शब्दांच्या ठोकळ्यांच्या रूपाने पडलेले असतात. ‘वॉल इज स्टॉप’ हे शब्द एका ओळीत आहेत, तोवर भिंत अडवते. एक ठोकळा सरकवून वाक्य मोडले, की भिंतीतून आरपार जाता येते. येथे वाक्यरचना हीच क्रीडा आहे.

भाषेच्या अध्यापकाला येथे एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही : हाच खेळ मराठीत रचला तर? इंग्रजी वाक्यातील नाम बदलले, तरी विशेषण जसेच्या तसे राहते. मराठीत ‘दार उघडे आहे’ या वाक्यातील ‘दार’ काढून तेथे ‘खिडकी’ सरकवली, की वाक्य मोडते. ‘उघडी’ हा ठोकळा सापडेपर्यंत नियम लागू होणार नाही. ‘दरवाजा’ घेतला, तर ‘उघडा’ शोधावा लागेल. म्हणजे लिंगव्यवस्था, जी विद्यार्थ्याला व्याकरणाच्या पुस्तकात ओझे वाटते, तीच खेळाचे मुख्य कोडे बनेल. हे केवळ भाषांतर नव्हे. तो एक वेगळाच खेळ होईल, आणि तो दहा पडद्यांत पूर्ण करता येण्याजोगा आहे.

पूर्ण आणि परिपूर्ण

वरील विवेचनातून पूर्णता आणि परिपूर्णता यांतील भेद स्पष्ट होतो. ज्या खेळाला आरंभ आहे, शेवट आहे आणि जो रचणाऱ्याच्या मदतीवाचून दुसऱ्याला खेळता येतो, तो पूर्ण. परिपूर्णतेला सीमा नसते. हौशी रचनाकार बहुधा परिपूर्णतेच्या मागे लागून पूर्णता गमावतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये आला. त्यासाठी २०१७ मध्ये केलेला लोकनिधीचा प्रयत्न उद्दिष्टापर्यंत पोहोचला नव्हता. तरीही चमूने काम सोडले नाही. अशा कृतीमागे एक संस्था आणि काही वर्षांचे सातत्य असते. विद्यार्थी पहिल्याच प्रयत्नात तसा खेळ योजतो, तेव्हा अपयश आधीच ठरलेले असते.

आपल्या परिसराला मुदतीचे हे सामर्थ्य ठाऊक आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यातील झाडीपट्टी रंगभूमीवर नाटकाची रात्र ठरली, की त्या रात्री पडदा उघडावाच लागतो. गावोगावचा प्रेक्षक आलेला असतो. या रंगभूमीवरील परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा या परंपरेची दखल देशपातळीवर घेतली गेली. पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडकानेही महाविद्यालयीन तरुणांना ठरलेल्या तारखेला एकांकिका उभी करण्याची सवय लावली. तारीख आणि प्रेक्षक या दोन गोष्टी मिळाल्या, की कृती तडीस जाते. गेम जॅम याच दोन गोष्टी पुरवतो.

उच्च शिक्षणात मात्र लहान, पूर्ण कृतीची जागा आक्रसत चालली आहे. प्रस्तुत लेखकाने एम.फिल.च्या लघुप्रबंधातून जे प्रथम शिकले, ते विषय कोठे थांबवावा हे. २०२२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीनंतर ती पदवी राहिली नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्य आपण अजूनही अहवालाच्या जाडीवरून ठरवतो. सोबतचा प्रोग्राम चालतो की नाही, हे अनेकदा पाहिलेही जात नाही.

मर्यादा

गेम जॅमवरील आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. पुष्कळ खेळ एका चमत्कृतीवर संपतात. दुसऱ्यांदा खेळावेत असे त्यांत काही नसते. सलग जागरणाचे उदात्तीकरण आरोग्यास घातक आहेच, शिवाय ते अन्यायकारकही आहे. सायंकाळच्या एस.टी.ने खेड्यात परतणारी विद्यार्थिनी, घरच्या शेतीत राबणारा विद्यार्थी किंवा ज्याच्याकडे स्वतःचा संगणक नाही असा कोणीही अठ्ठेचाळीस तासांच्या जॅममधून आपोआप वगळला जातो. ही वगळण्याची शिस्त नव्हे. ही वगळणूक आहे.

परंतु बंधन काळाचेच असावे, असा नियम नाही. २०१२ पासून चालणाऱ्या ‘जेएस१३के’ स्पर्धेत मुदत महिनाभराची असते. बंधन आकाराचे आहे. संपूर्ण खेळ तेरा किलोबाइटमध्ये बसवावा लागतो. म्हणजे जागरणाविनाही मर्यादा राखता येते.

निष्कर्ष

१. गेम जॅमचे मूल्य वेगात नसून मर्यादेने लादलेल्या निवडीत आहे. काय वगळावे हे ठरवणे हे मुळात समीक्षेचेच कार्य होय.

२. छोटा खेळ ही मोठ्या खेळाची अपुरी प्रत नाही. ती स्वतंत्र कृती असून तिची तपासणी घडणीच्या निकषांवर व्हावयास हवी.

३. मराठीच्या व्याकरणातून नवे क्रीडाप्रकार निर्माण होण्याची शक्यता आहे. त्यासाठी संगणकशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येणे आवश्यक आहे.

४. ग्रामीण महाविद्यालयांनी रात्रभराच्या जॅमचे अनुकरण न करता महाविद्यालयाच्या वेळेत, प्रयोगशाळेतील संगणकांवर, आठवडाभर चालणारा आणि आकाराचे बंधन असणारा उपक्रम योजावा. अखेरच्या दिवशी प्रत्येक खेळ दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि रचणाऱ्याने गप्प बसून पाहावे.

त्या दिवशी जो खेळ शेवटपर्यंत खेळला जाईल, तो कितीही लहान असला तरी त्याच्या कर्त्याला कोणी आरंभशूर म्हणणार नाही. अर्धवट प्रकल्पांची सवय झालेल्या आपल्या वर्गखोल्यांसाठी ही उपलब्धी लहान नव्हे.