निवाडपत्रांतील प्रमाणभार

वतनाच्या तंट्यांतील महजर व निवाडपत्रें राजवाड्यांच्या काळापासून आजवर पुष्कळ छापलीं गेलीं; परंतु त्यांवरील प्रस्तावना वाचतां एक दोष वारंवार नजरेस येतो. जिंकणाऱ्याचा करीणा संपादक जसाच्या तसा उचलतात आणि तोच त्या घराण्याचा पूर्वेतिहास म्हणून मांडतात. वाद शाबीत कोणीं करावयाचा होता, इकडे त्यांचें लक्षच नसतें.

वस्तुतः निवाड्याचें मर्म तेथेंच आहे. मिताक्षरेंत प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत: संप्रतिपत्ति, मिथ्या, कारण व प्राङ्न्याय. पश्चिमवाद्यानें दावा साफ नाकारला तर क्रिया, म्हणजे पुरावा देण्याचें ओझें, अग्रवाद्यावर राहतें. ‘वतन मूळचें तुमचें खरें, पण तुमच्या आजानें तें आम्हांस विकलें’ असें कारणोत्तर आलें कीं तें ओझें पश्चिमवाद्याच्या शिरीं जातें. या दुसऱ्या उत्तरांत अग्रवाद्याचा मूळ हक्क त्याच्या शत्रूच्याच तोंडून कबूल झालेला असतो. संशोधकास ही कबुली विजयी पक्षाच्या दहा बढायांहून मोलाची वाटावी. आणि हरलेल्याचा करीणा मात्र दोन ओळींच्या सारांशांत गुंडाळला जातो!

दिव्यानें लागलेला निवाडा तर अधिकच जपून वाचावयास हवा. लिखित, भुक्ति व साक्षी यांच्या अभावीं दिव्य, असा याज्ञवल्क्याचा क्रम आहे. तेव्हां ‘रवा काढला, हात शुद्ध निघाला’ एवढ्यावरून हक्क निर्विवाद होता असें म्हणणें उलटें आहे; कागद व साक्षी अपुरे पडले, असाच संशय त्यावरून प्रथम यावा.

संग्राहकांची एक समजूतही येथें तपासली पाहिजे. जुना कागद कायद्यानेंच खरा मानला जातो, असें ते सांगतात. आधार १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील ९० व्या कलमाचा. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही, जो १ जुलै २०२४ पासून अमलांत आहे, ही तरतूद कायम आहे. पण ती म्हणते काय? कागद ३० वर्षांचा असावा, योग्य ताब्यांतून यावा. मग सही व हस्ताक्षर ज्याचें म्हणून सांगितलें त्याचेंच आहे, असें न्यायालयास मानतां येईल. मानलेंच पाहिजे असें नाहीं. मजकुराच्या खरेपणाविषयीं तर त्यांत अक्षर नाहीं.

म्हणून दोन्ही करीणे पुरते छापावे, क्रिया कोणावर होती तें टिपेंत नोंदावें, आणि कागद कोणाच्या रुमालांतून निघाला तें अवश्य सांगावें. बाजारांत सुटा विकत घेतलेल्या कागदास वरील अनुमानाची सवलतही मिळणें कठीण आहे.