चुकवण्याची विद्या

'चुकवणे' या क्रियापदाला मराठीत प्रतिष्ठा नाही. माणूस कर चुकवतो, हप्ता चुकवतो, घरमालकाची नजर चुकवतो आणि साहेबाची तर सावलीसुद्धा चुकवतो. पण यांपैकी कशाबद्दलही कुणाला शाल-श्रीफळ मिळाल्याचं ऐकिवात नाही. अपवाद फक्त खो-खोचा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१४ साली ज्या खेळाचे नियम बांधायला घेतले, त्यात पळणारा किती मिनिटं हाती लागला नाही हे घड्याळ लावून मोजतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापतात!

त्याच पुण्यात नव्वदच्या दशकात आमची पिढी व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये शिरली, तेव्हा मात्र वडीलधाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "पैसे मोजून गोळ्या झाडतात हो कार्टी!" आरोप पैशांपुरता खरा होता. गोळ्या झाडायला काय, बटण दाबलं की झालं. ते माकडालाही जमेल. खरा खेळ समोरून येणाऱ्या गोळ्या चुकवण्याचा.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे 'स्पेस इन्व्हेडर्स'. १९७८ साली जपानच्या तायतो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो रचला. अकरा-अकराच्या पाच ओळी, म्हणजे ५५ शत्रू. जसजसे मरतील तसतसे उरलेले वेगाने धावतात. याचं कारण शौर्य नव्हे. शत्रू कमी झाले की यंत्राला काढायची चित्रं कमी, म्हणून हात जलद चालतो! निशिकादोंनी ही खोड दुरुस्त न करता तशीच ठेवली, हा त्यांचा मोठेपणा. वरून जाणाऱ्या तबकडीचे पूर्ण ३०० गुण हवे असतील तर ती तुमच्या तेविसाव्या गोळीला पाडायची आणि पुढे दर पंधराव्या. खेळणारा मुलगा गोळ्या झाडतोय असं आईला वाटे. प्रत्यक्षात तो हिशेब करत होता. शाळेत मात्र त्याचे गणितात काठावर.

१९८१ च्या 'गॅलगा'त मोहाची परीक्षा आहे. शत्रू तुमचं विमान पळवतो. ते सोडवून आणलंत की दोन विमानं जोडीने उडतात. मारा दुप्पट! पण रुंदीही दुप्पट, म्हणजे गोळी लागण्याची जागाही दुप्पट. दुसरा फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकाला कर्जाच्या अर्जाआधी हा खेळ दाखवावा, असं माझं बँकेतल्या खुर्चीवरून प्रामाणिक मत आहे.

१९८५ च्या 'ग्रॅडियस'बद्दल मात्र मी तक्रार करणार. त्यात कष्टाने मिळवलेली सारी शस्त्रं एका मरणात जातात, आणि मग उघड्या हातांनी त्याच गर्दीत उभं राहायचं. ज्याच्याकडे आहे त्यालाच आणखी मिळणार! इतकं व्यवहारज्ञान आम्ही बँकवाले रोज देतोच; त्यासाठी वेगळं टोकन कशाला?

नंतर १९९५ च्या 'डोनपाची'सारख्या खेळांनी कमालच केली. अख्खा पडदा गोळ्यांनी भरतो. जपानी लोक याला 'दानमाकू', म्हणजे गोळ्यांचा पडदाच, म्हणतात. पाहणारा घाबरतो. पण गंमत अशी, की विमान दिसायला चांगलं ऐसपैस असलं, तरी गोळी लागते ती मधल्या चार ठिपक्यांना. बाकी सगळी शोभा. कुठल्याही कचेरीतल्या साहेबासारखंच. आकार मोठा, जबाबदारी लागू होईल असा भाग अगदी थोडा.

इथेच खो-खो उपयोगी पडतो. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत त्याला मागे वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. पळणारा जिंकतो तो पायांपेक्षा या नियमावर. गोळीचंही तसंच. नेम धरून सोडलेली गोळी, ती सुटली तेव्हा तुम्ही जिथे होतात, तिथेच जाते. म्हणून नवशिका घाबरून उड्या मारतो आणि गोळ्या साऱ्या पडद्यावर पसरवून ठेवतो. जाणकार एकाच दिशेने मुंगीच्या पावलांनी सरकतो. गोळ्या त्याच्यामागे शिस्तीत रांग लावतात. कोपरा जवळ आला की क्षणभर थांबून एकदम उलटी धाव, म्हणजे रांगेत फट पडते, आणि तिच्यातून पार! नजर शत्रूवर नाही, आपल्या विमानाच्या थोडी पुढे. अलका टॉकीजच्या चौकात आजोबा रस्ता ओलांडताना पाहा. ना धाव, ना थांब. त्यांचा वेग ठरलेला असतो म्हणूनच स्कूटरवाल्यांना त्यांच्या मागून जाता येतं. धावतो आणि मध्येच थबकतो, तो बिचारा नातू.

या प्रकारच्या खेळाची परीक्षा मी एकाच कसोटीवर करतो. मेल्यावर 'का मेलो' हे कळलं पाहिजे. ज्यात ते कळतं, तो खेळ शिकवतो. तिथे गेलेला रुपया ही फी. ज्यात न दिसणारी गोळी न दिसणाऱ्या कोपऱ्यातून येते, तो नुसता खिसा कापतो. पैसे दोन्हीकडे जातात, हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं मान्य. पण पहिल्या ठिकाणी पोरगं पुढच्या खेपेला दहा सेकंद जास्त जगतं, आणि ते दहा सेकंद त्याचे स्वतःचे असतात. ते ना क्लासने दिलेले, ना वशिल्याने.

फक्त पेपरात छापून येत नाहीत, एवढंच.