बुलढाणा ‘आशियात’ नाही!

कादंबरीची समीक्षा होते, कवितेची होते, वेबसिरीजची तर ती येण्याआधीच होते. पण ‘ही फाइल डाउनलोड करा, मग अमुक सेटिंगमध्ये जा, टिक करा’ या मजकुराची समीक्षा कुणी करत नाही. आपलं मराठी लिहिणं सुरू होणार की अडणार, हे बऱ्याचदा त्याच मजकुरावर ठरतं. म्हणून आज तोच वाचायला घेते.

उदाहरण लिब्रेऑफिसचं. फुकट मिळतं, चांगलं चालतं. त्यातल्या रायटरमध्ये मराठी शुद्धलेखन तपासायचं तर मराठीचा कोश एक्स्टेन्शन म्हणून बाहेरून टाकता येतो. हे कोश हनस्पेल नावाच्या इंजिनावर चालतात. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियन भाषेसाठी बनवलं, कारण त्या भाषेत एका शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय चिकटतात आणि साध्या शब्दयादीने भागत नाही. मराठीचं दुखणं तेच. घर, घरात, घरातला, घरातल्यांना, घरातल्यांनासुद्धा. म्हणून कोशात दोन फायली असतात: एकीत शब्द, दुसरीत प्रत्यय लागण्याचे नियम. ‘पाऊस’चं ‘पावसात’ कसं होतं, ‘मूल’चं ‘मुलाला’ होताना ऊकार ऱ्हस्व का होतो, हे सगळं मशीनला कळेल अशा भाषेत मांडावं लागतं. साहित्य महामंडळाचे १८ नियम (१४ नियम १९६२चे, ४ नियम १९७२चे) शाळेत आपण कसेबसे पाठ केले. इथे लोकांनी ते फायलींत उतरवले, तेही बहुतेक फावल्या वेळात आणि बिनपैशाने. मराठी व्याकरणावर इतकं बारकाईचं काम अलीकडे फार थोड्या ठिकाणी झालं असेल.

आणि मग शेवटची पायरी येते.

फाइलवर डबल क्लिक केलं, परवान्याला हो म्हटलं, प्रोग्राम बंद करून परत उघडला. बऱ्याचदा काहीच होत नाही. चुकीचा शब्द मुद्दाम लिहिला तरी लाल रेघ येत नाही. कारण अजून टूल्स, ऑप्शन्स, मग भाषेच्या सेटिंगमध्ये जायचं बाकी असतं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या तीन कप्पे दिसत आलेत: वेस्टर्न, एशियन आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. आता सांगा, मराठी कुठे शोधाल? मेहकर किंवा चिखलीच्या कुणालाही विचारा, तो ‘एशियन’च उघडेल. आत चिनी, जपानी, कोरियन. म्हणजे बुलढाणा जिल्हा आशियात नाही, हे तिथे पहिल्यांदा कळतं!

मराठी असते ‘कॉम्प्लेक्स’मध्ये, म्हणजे जटिल लिप्यांच्या रांगेत, अरबी आणि थाईच्या शेजारी. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी नंतर टाइप करतो आणि ती दिसते आधी. जोडाक्षरांत अक्षरांचे आकारच बदलतात. प्रोग्रामला ही जुळवाजुळव करावी लागते, म्हणून त्याच्या बाजूने ती जटिल. पण हे लेबल लिहिणाऱ्याने स्वतःची अडचण वाचणाऱ्याच्या भाषेला चिकटवली. जी भाषा आई बोलते ती कुणी ‘जटिल’ या नावाखाली शोधत नाही. त्यात कप्प्याखाली हिंदी निवडलेली असेल आणि हिंदीचा कोश आत असेल तर गंमत बघा. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या संग्रहाचं नुसतं नाव टाइप केलं तरी खाली लाल रेघ, कारण त्या कोशाला ‘ळ’चं वावडं. वाचणारा समजतो, मराठी कोश भंगार आहे. काढून टाकतो.

हा शब्द नवा नाही. विंडोज एक्सपीत मराठी दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषां’च्या फायली टाकायला लागायच्या. टिक केली की मशीन विंडोजची सीडी मागायचं. तालुक्याच्या सायबर कॅफेत जोडणीचे पीसी, आणि सीडी ज्याने विंडोज मारली त्याच्याकडे. सूचना लिहिणाऱ्याने गृहीत धरलेला वाचक मशीन खोक्यातून काढणारा होता. आपल्याकडे मशीन दुसऱ्याने चालू करून दिलेलं असतं.

‘विंडोज मारली’वरून आठवलं. आपल्याकडे ॲप ‘टाकतात’, विंडोज ‘मारतात’. मराठी सूचनांमध्ये मात्र ‘स्थापना करा’ असतं. मी दर वेळी मोदक शोधते.

आणखी एक शब्द खटकतो: ‘नवखा वापरकर्ता’. राज्य परीक्षा परिषदेची मराठी टायपिंगची परीक्षा मिनिटाला ४० शब्दांनी पास झालेली मुलगी लिहिण्यात नवखी नाही. लग्नपत्रिका जुळवणारा डीटीपीवालाही नाही. त्याची तऱ्हा वेगळी: जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात, त्यामुळे कोश टाकला तरी तपासायला मराठी सापडतच नाही. हेही कुणी त्याला आधी सांगत नाही.

‘थोडं शिका की’ असं जुनी खोडं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. सब्लाइम टेक्स्ट हा प्रोग्रामरांचा एडिटर. त्याचे प्लगिन आणायला विल बाँडने पॅकेज कंट्रोल बनवलं, पण तेच टाकायला आधी कन्सोल उघडून पायथनचा एक लांबलचक तुकडा जसाच्या तसा चिकटवावा लागायचा. प्रोग्रामरसुद्धा तो न वाचता चिकटवायचे. पुढे एडिटरच्या मेन्यूत ‘पॅकेज कंट्रोल इन्स्टॉल करा’ अशी एक ओळ आली आणि तो सोहळा संपला. लोक रातोरात हुशार झाले नव्हते, एक ओळ योग्य जागी आली होती.

फोनवर हे सगळं सुटलंय असं तुम्हाला वाटत असेल. कीबोर्डचं ॲप हेही लिहिण्याला जोडलेलं ॲड-ऑनच. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागाने २०१३मध्ये ‘स्वरचक्र’ आणला: व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडतं. शाळेतली बाराखडी येणाऱ्याला तो शिकवावा लागत नाही. पण तो चालू करताना अँड्रॉइड इशारा देतं की हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेलं सगळं, पासवर्ड आणि क्रेडिट कार्डचा नंबर धरून, गोळा करू शकतो. इशारा खोटा नाही. सोय वाढली की चोरालाही सोय होते, आणि कुणीतरी सावध करायलाच हवं. पण बाहेरून टाकलेल्या कुठल्याही कीबोर्डला तो शब्द न बदलता लागतो. मग घाबरट माणूस ‘स्वरचक्र’ही टाकत नाही आणि बिनधास्त माणूस काहीही टाकतो. ज्या मजकुराने निवड करायला मदत व्हायची, त्याने दोघांनाही मदत होत नाही.

कोशाच्या सूचना मी मैत्रिणींसाठी पुन्हा लिहून काढल्या, व्हॉट्सॲपवर मावतील अशा. फाइल टाका. ‘कॉम्प्लेक्स’ म्हणजे आपणच, तिथे टिक करा. खाली हिंदी असेल तर मराठी करा. बंद करून उघडा. चार ओळी. तरी पहिला प्रश्न आला, ‘टाकलं गं, पण चालू झालं हे कसं कळणार?’ माझ्या पाहण्यातल्या कुठल्याच सूचनांत याचं उत्तर नव्हतं. मग पाचवी ओळ जोडली: ‘पाऊस’ आणि ‘पाउस’ असे दोन शब्द लिही. दुसऱ्याखालीच लाल रेघ आली तर झालं.