काना, मात्रा आणि लॅपटॉप

माणसाच्या घरात मोह कोणत्या दाराने शिरेल, सांगता येत नाही. माझ्याकडे तो कान्याच्या बटणावरून शिरला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या सहा वर्षांच्या लॅपटॉपवरचं कान्याचं बटण मेलं. बाकी सगळं ठीक. वेलांटी येते, मात्रा येते, काना तेवढा येत नाही. मामाचा 'मम' झाला, काकाचा 'कक' झाला. 'शाखाधिकारी रागावले' असं लिहायला गेलो तर 'शखधिकरी रगवले' एवढंच उमटलं. साहेबांचा निम्मा दरारा कान्यातच होता, हे तेव्हा कळलं.

सर्व्हिस सेंटरमधला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "सर, एक बटण नाही मिळत. नुसता कीबोर्डही नाही मिळत. वरची अख्खी प्लेट बदलावी लागेल. नऊ हजार आठशे."

मी कॉमर्सचा माणूस. जागच्या जागी हिशेब केला. ६०,००० ची वस्तू, घटत्या शिलकेवर ४० टक्के घसारा, सहा वर्षं. उरले २,७९९ रुपये ३६ पैसे. एवढ्या किमतीच्या वस्तूवर ९,८०० खर्च करणाऱ्याला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षालाही कोणी बसू देणार नाही. घरी आलो आणि कान्याविना दिवस काढू लागलो.

अशात दिवाळीला अमेरिकेहून भाचा आला. त्याच्याकडे फ्रेमवर्क नावाचा लॅपटॉप होता. "मामा, हा आपला आपण दुरुस्त करता येतो," असं म्हणून त्याने एक बोटभर स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "उघडा तुम्ही." दुसऱ्याचा लाखभराचा लॅपटॉप उघडायची परवानगी माणसाला आयुष्यात कितीदा मिळते? मी चकलीचं ताट बाजूला सारलं.

वस्तूबद्दल मत द्यायचं तर आधी चांगलं बोलावं, आणि इथे ते मनापासून बोलता येतं. खालच्या बाजूला पाच स्क्रू. ते सैल होतात, पण सुटून येत नाहीत. जागच्या जागी लोंबत राहतात. ज्या घरात आजवरच्या प्रत्येक दुरुस्तीनंतर एक तरी स्क्रू उरलेला आहे, त्या घरातल्या माणसाला याचं मोल विचारा! कीबोर्डची पाटी लोहचुंबकाने बसवलेली; उचलली की आली. आत प्रत्येक भागावर त्याचं नाव आणि क्यूआर कोड. फोन धरला की तो भाग कसा काढायचा ते समोर हजर. बाजूंना चार खाचा, त्यांत यूएसबी, एचडीएमआय, जे लागेल ते सरकवायचं. मेमरी निघते, बॅटरी निघते. आणि कीबोर्ड? "तोही सुटा मिळतो, मामा." मला क्षणभर भरून आलं.

आमच्याकडे आईच्या लग्नातली गादी आहे. तिचा कापूस तीनदा पिंजून झाला, दोनदा नवा मिसळला, खोळी किती बदलल्या त्याची नोंद नाही. गादी तीच. नीरव पटेल यांच्या या कंपनीचा पहिला लॅपटॉप २०२१ साली आला, आणि त्याच खोळीत २०२५ सालची नवी मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, बसते. दिलेला शब्द पाळणारी कंपनी आहे. २०२१ साली जोडलेला लॅपटॉप ९९९ डॉलरपासून होता, आणि मेमरी-डिस्क आपली आपण घालणार असाल तर ७४९ पासून. शिवलेला सदरा आणि नुसतं कापड यांतला फरक आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

त्या रात्री झोप आली नाही. उठून कागद घेतला.

मुख्य पाटी बदलता येते खरी, पण तेवढ्या पैशांत एखादा स्वस्तातला अख्खा लॅपटॉप येतो. शिवाय २०२३ साली एएमडीची पाटी आली तेव्हा तिला जुनी डीडीआर-४ मेमरी चालेना, नवी डीडीआर-५ घ्यावी लागली. म्हणजे गादी पिंजायला द्यायची आणि पिंजाऱ्याने म्हणायचं, कापूस यात बसत नाही. काढलेली जुनी पाटी वेगळ्या डबीत घालून तिचा छोटा संगणक करता येतो म्हणे. छान! दुरुस्तीला बसलो आणि घरात दोन संगणक झाले. २०२५ साली तर याच कंपनीने जो डेस्कटॉप काढला त्यातली मेमरी चक्क डाख देऊन पक्की केलेली. वेगासाठी ते करावंच लागलं, असं कारण दिलं. असेल. पण दारू सोडलेल्या माणसाने औषध म्हणून घेतली तरी बघणारा बघतोच.

सगळ्यात मोठी रक्कम मी शेवटी मांडली. सुटे भाग येणार अमेरिकेहून. बॅटरी गेली तर भाच्याच्या पुढच्या दिवाळीची वाट बघायची.

एवढं होऊनही मन मागे हटेना. सकाळी चहाच्या वेळी सौ.पुढे विषय काढला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, म्हणजे दुरुस्त होणारी वस्तू आणायची म्हणून घरात आहे ती दुरुस्त न करता टाकून द्यायची?"

माझ्या कागदावर या खर्चाला रकानाच नव्हता.

शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं आहे, पण तसं विचारलं तर रस्ता चुकतो. तिथे एका जिन्याखाली बसलेल्या मुलाने लॅपटॉप उलटा केला, प्लॅस्टिकची पट्टी फटीत घालून कडकन उघडला (माझ्याही छातीत कडकन झालं), कीबोर्डचे प्लॅस्टिकचे खिळे एकेक करून उपटले, कुठून तरी आणलेला दुसरा कीबोर्ड बसवला आणि तापलेल्या कावियाने डाग देऊन टाकला. जो भाग निघतच नाही, तो पाऊण तासात निघून दुसरा बसला. १,८०० रुपये. एक स्क्रू उरला, तो त्याने माझ्या तळहातावर ठेवला. "काका, चालतंय याच्याशिवाय."

चालतंय. काना येतो. परत गेल्यावर भाच्याने फोनवर विचारलं, "मामा, मग मागवू का तुमच्यासाठी?" मी म्हटलं, "नको रे, काना येतो." बोलताना आवाज जरा पडलाच असावा. तो म्हणाला, "तो स्क्रूड्रायव्हर राहू द्या तुमच्याकडे."

तो टेबलाच्या खणात आहे. टी-५ मापाचा, सहा पाकळ्यांचा. संध्याकाळी तो घेऊन मी घरभर हिंडतो. मिक्सर पाहिला, रेडिओ पाहिला, सौ.चं शिवणयंत्रही पाहिलं. त्या मापाचा स्क्रू आमच्या घरात कशालाच नाही.