बिटरेट जास्त म्हणजे आवाज चांगला? एका आकड्याची उलटतपासणी

फ्लॅक फाईल प्लेयरमध्ये उघडली की एक आकडा दिसतो: 640 केबीपीएस, 912 केबीपीएस. तो बघून ‘ही चांगली, ती हलकी’ असा निकाल बरेच जण लावून टाकतात. पण तुम्ही संशोधनासाठी ध्वनिमुद्रणं निवडताना हाच आकडा गाळणी म्हणून वापरणार असाल, तर जरा थांबा.

आधी हिशेब करू. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटचा, चॅनल दोन. गुणाकार येतो 1,411.2 केबीपीएस. एमपी3 करताना बहुतेक वेळा बिटरेट आपण आधी ठरवतो आणि तेवढ्यात बसवायला माहिती टाकून देतो. त्यामुळे तिथे 128 आणि 320 मधला फरक गुणवत्तेबद्दल काहीतरी सांगतो. फ्लॅक काहीच टाकत नाही. एन्कोडर मागच्या नमुन्यांवरून पुढच्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज कितीने चुकला तेवढं लिहून ठेवतो. अंदाज जितका जवळ, तितकं लिहायला कमी. म्हणजे बिटरेट इथे आपण ठरवत नाही, तो शेवटी निघतो.

आता गंमत बघा. जुन्या 78 आरपीएम तबकडीच्या खरखरीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून खरखर बिटरेट वाढवते. तेच मुद्रण 6 डेसिबलने मोठं केलं, तर प्रत्येक नमुन्यामागे साधारण एक बिट जादा लागतो. स्टिरिओ सीडीला सुमारे 88 केबीपीएस. उलट दोन्ही चॅनल तंतोतंत सारखे असलेल्या मोनो मुद्रणाचा बिटरेट जवळपास निम्म्यावर येतो. ‘700 च्या खालचं नको’ असा नियम लावलात, तर स्वच्छ, हळू आवाजातली, मोनो मुद्रणं बाहेर जातील आणि खरखरीत, कर्कश्श मुद्रणं आत येतील. तुमचा नमुनासंच तिथेच कलला!

सगळ्यात पक्का पुरावा सोपा आहे. एकच वेव्ह फाईल फ्लॅकच्या पातळी 0 वर आणि पातळी 8 वर एन्कोड करा. बिटरेट वेगळे येतील, पण उलगडल्यावर नमुना न् नमुना सारखा. मूळ ऑडिओचा एमडी5 फाईलच्या सुरुवातीलाच असतो. दोन्हींचा ताडून बघा.

मग हा आकडा अगदीच निकामी का? तसंही नाही. 24 बिटच्या फाईलमध्ये प्रत्येक नमुन्याचे खालचे 8 बिट शून्यच असतील, तर फ्लॅक ते ओळखून वगळतं आणि बिटरेट संशयास्पद कमी दिसतो. पण हा फक्त संशय, पुरावा नव्हे. एमपी3 वरून बनवलेली फ्लॅक फाईल तर सभ्य बिटरेट दाखवून आरामात निसटते. तिच्यासाठी स्पेक्ट्रोग्राम बघा. 128 च्या एमपी3 मध्ये साधारण 16 किलोहर्ट्झच्या वर बहुधा काही उरलेलं नसतं.

म्हणून पद्धतीच्या प्रकरणात बिटरेटऐवजी मुद्रणाचा मूळ स्रोत, सॅम्पल रेट, बिट डेप्थ, एन्कोडरची आवृत्ती आणि पातळी लिहा. आणि कुठलंही मोजमाप स्वीकारण्याआधी हे विचारा: मोजायची गोष्ट तीच ठेवली तरी आकडा बदलतो का? बदलत असेल, तर तो नेमकं काय मोजतोय हे आधी शोधा.